ठसा आणि चेहरा

साधारण १९१२ सालचे एक इंग्रजी भित्तिपत्रक आहे. त्यावर चित्रांच्या दोन ओळी. वरच्या ओळीत पाच बायका: नगराध्यक्ष, परिचारिका, आई, डॉक्टर किंवा शिक्षिका, आणि कारखान्यातली कामगार. बाई यांपैकी काहीही असली तरी तिला मत नाही, असे वरचा मथळा सांगतो. खालच्या ओळीत पाच पुरुष: तुरुंगाची हवा खाऊन आलेला, वेडा, बायकांचा बाजार मांडणारा, सैन्यात घ्यायला अपात्र ठरलेला आणि दारुडा. पुरुष यांपैकी काहीही असला तरी त्याचे मत शाबूत. बस्स. भाषण नाही, आकडेवारी नाही. रस्त्याने जाणाऱ्याने मान वर करून पाहावे आणि चार पावले पुढे गेल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडावा, असा त्याचा घाट.

हे पत्रक 'सफ्रेज अतेलिए' या लंडनच्या मंडळाने काढले. गेली काही वर्षे मी या मंडळाच्या आणि त्याच्या आगेमागे निघालेल्या मताधिकार चळवळीच्या छापील चित्रांचा माग काढते आहे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. बारावीनंतर पाच वर्षे मी तालुक्याच्या गावी एका छापखान्यात खिळे जुळवले, लग्नपत्रिकांचे आणि पतसंस्थांच्या अहवालांचे. त्यामुळे छापील चित्र समोर आले की माझी नजर आधी शाई कुठे दाट बसली, दाब कुठे कमी पडला याकडे जाते. या विषयात ती सवय उपयोगी पडली.

वरच्या ओळीतल्या पाच बायकांपैकी एकीलाही नाव नाही. कोणाचा चेहरा कोणासारखा काढलेला नाही. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीपासून सुरू होते. कारण ब्रिटनमध्ये २०१८ साली आणि अमेरिकेत २०२० साली स्त्रियांच्या मताधिकाराची शंभरी साजरी झाली, तेव्हा या स्त्रियांना वंदन करणाऱ्या मुद्राचित्रांचा पूर लोटला. लिनोकट, काष्ठठसे, स्क्रीनप्रिंट, सगळे काही. आणि त्यातली बहुतेक चित्रे चेहऱ्यांची होती: एमेलिन पँकहर्स्ट, मिलिसंट फॉसेट, सुझन अँथनी. करारी हनुवटी, उंच कॉलर, खाली नाव आणि एखादे वचन. हेतू चांगला, काम सफाईचे. पण ज्यांना वंदन करायचे त्यांनी स्वतः ठोकळा हाती घेतला तेव्हा काय छापले, हा प्रश्न या चित्रांना पडलेला दिसत नाही.

थोडा इतिहास सांगायला हवा. १९०७ साली लंडनमध्ये 'आर्टिस्ट्स सफ्रेज लीग' स्थापन झाली. तिच्या अध्वर्यू मेरी लाउंडेस रंगीत काचचित्रे करणाऱ्या नामवंत कलाकार. लीगमधल्या बायका व्यावसायिक चित्रकार होत्या. त्या आराखडे करत आणि पोस्टरे धंदेवाईक छापखान्यांत, बहुतेक शिळाछापावर, छापली जात. एमिली हार्डिंग अँड्र्यूज यांचे प्रसिद्ध पोस्टर याच लीगचे. पदवीधर बाई अंगावर झगा आणि डोक्यावर चौकोनी टोपी घालून एका कैद्यासोबत आणि वेड्यासोबत कोंडलेली आहे, कारण कायद्याने तिघांनाही मत नाही. डंकन ग्रँट या तरुण चित्रकारानेही १९०९ साली लीगसाठी एक चित्र केले: पुरुषाच्या होडीला शीड आहे आणि वाऱ्यावर ती मजेत चालली आहे, शेजारी बाई खवळलेल्या पाण्यात वल्ही मारून घायकुतीला आली आहे.

'सफ्रेज अतेलिए' १९०९ साली निघाले. लॉरेन्स हाउसमन, त्याची बहीण क्लेमन्स आणि व्यंगचित्रकार आल्फ्रेड पिअर्स हे त्याचे संस्थापक. इथे हौशी बायकांनाही दार उघडे होते. सभासदांना ठोकळा कोरायला, शाई लावायला, हाताने छापायला शिकवत. चित्र विकले गेले तर नफ्यातला वाटा चित्रकर्तीला मिळे. फुकट राबवून घेणे नव्हते. आणि छपाई शक्यतो आपली आपण. याची कारणे अगदी व्यवहारातली होती. बाहेरच्या छापखान्यात पैसे जातात आणि दिवस जातात. पार्लमेंटात आज काही घडले तर आठवडा उलटायच्या आत त्यावरचे चित्र रस्त्यावर यायला हवे.

आता या छपाईची मूळ अडचण पाहा. उठावाच्या छपाईत जे कोरून काढले ते पांढरे राहते आणि जे राहिले ते काळे उमटते. अक्षरे उलटी कोरावी लागतात. एकदा सुरी घसरली की गेली. लिनो म्हणजे तर जमिनीवर अंथरायचे कापड. त्याला लाकडासारखे तंतू नसतात म्हणून नवशिक्या हाताला ते सोपे जाते. आपल्याकडे शाळेत भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे करायला लावतात, त्याच जातकुळीचे साधन. अशा ठोकळ्यावर बारीक छटा येत नाहीत. डोळ्यांखालची सावली, ओठांची मुरड, ज्यामुळे एक चेहरा दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येतो, ते सगळे हातून निसटते. उरतो तो आकार: टोपी, एप्रन, पाठीचा बाक, हातातली बादली. म्हणजे माणूस हरवतो आणि त्याचे काम दिसू लागते.

अतेलिएच्या बायकांनी ही अडचण झाकली नाही. त्यांनी तिच्यावर सगळी मांडणी उभी केली. मत मागणारी ती कोण? अमुक बाईसाहेब नव्हे. परीट घाटावरची, शिवणकाम करणारी, शाळेत शिकवणारी. जाड काळ्या रेषेला फक्त असेच माणूस काढता येते, आणि चळवळीला नेमके तेच माणूस दाखवायचे होते.

हे सगळे केवळ तंत्रामुळे झाले असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. शिळाछापावर चेहरा हवा तसा काढता येतो, तरी त्या पोस्टरांतही नावाची बाई क्वचितच दिसते. १९१३ साली सरकारने कायदा केला की उपोषणाने खंगलेल्या कैदी बाईला सोडायचे आणि जरा बरी झाली की पुन्हा पकडायचे. लोकांनी त्याला मांजर-उंदराचा कायदा म्हटले. त्यावरचे १९१४ चे पोस्टर आजही अंगावर येते: पोस्टरभर पसरलेले मांजर आणि त्याच्या जबड्यात गळून लोंबकळणारी बाई. ती कोण हे कुठेही लिहिलेले नाही. आल्फ्रेड पिअर्सने १९१० साली कैदी बाईला नळीने बळजबरीने अन्न घालण्याचे जे चित्र काढले, त्यातही तसेच.

मग पुढाऱ्यांचे चेहरे कुठे होते? ते फोटोत होते. पँकहर्स्ट मायलेकींचे फोटो असलेली पोस्टकार्डे आणि बिल्ले चळवळीच्या दुकानांतून विकले जात. म्हणजे कामाची वाटणी झाली होती. चेहरा कॅमेऱ्याकडे, युक्तिवाद ठोकळ्याकडे. आजच्या वंदनाच्या मुद्राचित्रांत याच्या उलट होते. कलाकार जुना फोटो घेतो आणि तो लिनोवर उतरवतो. साधन अतेलिएचे असते आणि चित्र पोस्टकार्डाचे.

क्लेमन्स हाउसमनबद्दल इथे थांबून लिहायला हवे, कारण तिच्याबद्दल फार थोडे लिहिले जाते. ती १८६१ मध्ये जन्मली. कवी ए. ई. हाउसमन आणि लॉरेन्स हे तिचे भाऊ; तिची ओळख बहुधा एवढ्यावरच संपवतात. ती लंडनला येऊन काष्ठकोरणी शिकली. हे काम म्हणजे बॉक्सवुड या घट्ट लाकडाच्या आडव्या कापावर पोलादी टोकाने केसासारख्या रेषा कोरणे. सचित्र साप्ताहिकांसाठी ती पोटापाण्याचे काम करत असे. कागदावर चित्रकार चित्र काढी, लाकडात ते कोरी दुसरेच कोणी, आणि सही चित्रकाराची. मग फोटोवरून ठोकळा करण्याची पद्धत आली आणि हा धंदाच बसला. ज्या पिढीने खिळे जाऊन ऑफसेट आणि मग डीटीपी आलेले पाहिले तिला हे वेगळे समजावून सांगायला नको. १८९६ साली क्लेमन्सची 'द वेअर-वुल्फ' ही कथा पुस्तकरूपाने निघाली. चित्रे लॉरेन्सची, कोरणी तिची. आपल्याच गोष्टीच्या चित्रांत तिचा हात असा दुसऱ्याच्या रेषेमागे आहे.

हीच बाई पुढे बॅनर शिवताना, घर मंडळाच्या कामाला देताना आणि तुरुंगात जाताना दिसते. मत नाही तर कर नाही, असे म्हणणारी बायकांची एक संघटना होती. क्लेमन्सने मुद्दाम डॉर्सेटमध्ये एक घर भाड्याने घेतले, कारण त्याशिवाय तिच्यावर घरपट्टीसारखा कर बसलाच नसता. मग काही शिलिंगांचा तो कर तिने भरला नाही. १९११ च्या सप्टेंबरअखेर तिला हॉलोवे तुरुंगात टाकले आणि आठवडाभराने सोडून दिले. पन्नाशीची, मितभाषी, कोरणीच्या पोलादी टोकाशी आयुष्य काढलेली बाई. मला तिचे लिनोकट व्यक्तिचित्र नको आहे. तिच्या कोरणीच्या रेषा कोणी नीट मोठ्या करून दाखवल्या तर ते मला जास्त मोलाचे वाटेल.

लंडनच्या पार्लमेंट चौकात एप्रिल २०१८ मध्ये गिलियन वेअरिंग यांनी केलेला मिलिसंट फॉसेट यांचा पुतळा बसला. पुतळ्यापेक्षा मला त्याचा चौथरा विचार करायला लावतो. त्याभोवती चळवळीतल्या आणखी ५९ जणांची नावे आणि छायाचित्रे उतरवलेली आहेत, त्यात चार पुरुषही आहेत. एकाच बाईला उंच उभे करण्यातला संकोच शिल्पकर्तीला जाणवला असणार. तरीही गणित तेच राहते: एका चेहऱ्याच्या जोडीला ५९ चेहरे. परीट घाटावरची बाई चौथऱ्यावरही चढत नाही.

अमेरिकेत वेगळा प्रयत्न झाला. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरातील चँडलर ओलिअरी आणि जेसिका स्प्रिंग या दोघींनी २००८ पासून 'डेड फेमिनिस्ट्स' नावाची पत्रकांची मालिका काढली. एक हाताने अक्षरे रेखाटते, दुसरी ती उठावाच्या छपाईने छापते. या मालिकेचा नायक चेहरा नसून वाक्य आहे, आणि वाक्याच्या वळणातून, नक्षीतून त्या बाईचा काळ उभा राहतो. विक्रीतला काही भाग सामाजिक कामाला जातो. खिळे जुळवलेल्या माणसाला ही पत्रके पाहून हुरूप येतो, हे आधीच सांगून टाकते.

पण पहिलेच पत्रक एलिझाबेथ केडी स्टँटन यांच्या एका खुसखुशीत वाक्याचे आहे, आणि तिथे माझे अडते. स्टँटन यांनी आयुष्यभर स्त्रियांच्या मतासाठी झुंज दिली हे खरेच. यादवी युद्धानंतर काळ्या पुरुषांना मत देणारी पंधरावी घटनादुरुस्ती आली तेव्हा त्यांनी तिला विरोध केला आणि त्या विरोधात काळ्या पुरुषांबद्दल अत्यंत अपमानकारक भाषा वापरली, हेही तितकेच खरे. एक वाक्य निवडले की बाकीची वाक्ये कोरून टाकली जातात. ठोकळ्याचा नियमच तो. म्हणून वचनांच्या वंदनातही चेहऱ्याचाच धोका राहतो: माणूस गोळीबंद होतो, गुळगुळीत होतो.

आणि अतेलिएची चित्रे तरी निर्दोष होती का? सुरुवातीच्या पत्रकाची खालची ओळ पुन्हा पाहा. सैन्याला अपात्र ठरलेला अपंग माणूस आणि वेडा यांना दलाल आणि दारुड्याच्या पंगतीला बसवले आहे. त्यांचा गुन्हा काय? आपल्याला हक्क मिळावा म्हणून दुसऱ्या दुबळ्याला हसणे, ही गोष्ट त्या चित्राच्या विनोदात मुरलेली आहे. शताब्दीच्या प्रदर्शनांत हे पत्रक आनंदाने टांगणाऱ्यांनी निदान एवढे तरी शेजारी लिहायला हवे होते.

दुसरी तक्रार पैशांची आहे. अतेलिएने हाताने छापले कारण हाताने छापणे स्वस्त होते. ठोकळा झिजेपर्यंत प्रती काढायच्या, भिंतीवर चिकटवायच्या, पोस्टकार्डे रस्त्यावर विकायची. आज हाताने छापणे ही महागडी गोष्ट झाली आहे. जाड सुती कागद, खाली पेन्सिलीने सही, त्याशेजारी पन्नासपैकी सातवी प्रत असा आकडा. मोजक्याच प्रती म्हणून किंमत जास्त. जास्तीत जास्त लोकांपर्यंत जाणे हे ज्या चित्राचे कामच होते, त्याच्या नावाने आपण कमीत कमी लोकांना मिळेल अशी वस्तू बनवतो. कलाकारांनी उपाशी राहावे असे मी म्हणत नाही. अतेलिएसुद्धा पैसे देतच होते. पण आकड्याची ती पेन्सिल मला खुपते.

जुनी पोस्टरे आज दुर्मीळ आहेत ती याच्या नेमक्या उलट कारणाने: ती वापरली गेली. पावसाने भिजली, विरोधकांनी फाडली, वरून दुसरी जाहिरात चिकटली. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक मोठा संच टिकला तो केवळ १९१० च्या सुमारास मॅरियन फिलिप्स या कार्यकर्तीने ग्रंथपालांच्या नावे गुंडाळी पाठवून दिली म्हणून. ती तपकिरी कागदातली गुंडाळी शंभर वर्षांनी पुन्हा हाती लागली आणि २०१८ मध्ये लोकांसमोर मांडली गेली. रंग अगदी ताजे.

क्लेमन्स ज्या करबंदी संघटनेत होती तिच्यातच सोफिया दुलीपसिंग होत्या. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांची ही मुलगी, राणी व्हिक्टोरियाची धर्मकन्या. कर आणि दंड न भरल्यामुळे त्यांचे दागिने जप्त झाले. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याबाहेर उभ्या राहून त्या 'द सफ्रजेट' हे वृत्तपत्र विकत. तो १९१३ चा फोटो २०१८ साली ब्रिटनच्या टपाल तिकिटावर आला. आणि १९११ साली काश्मीरमध्ये याच सोफियाची गाठ मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी मिठन यांच्याशी पडली. मिठन यांनी पुढे आठवणींत सांगितले आहे की सोफियाच्या कपड्यावर एक चिमुकला बिल्ला होता, बायकांना मत द्या असे सांगणारा. त्यावरून बोलणे निघाले आणि हेराबाईंना या कामाची ओढ लागली. प्रचाराच्या छोट्या वस्तूने इतक्या दूर जाऊन इतके काम केल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पुढचे ठाऊकच आहे, निदान असायला हवे. १९१७ च्या डिसेंबरात सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासला माँटेग्यूंना भेटले. १९१९ साली हेराबाई आणि मिठन लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. समितीने निर्णय प्रांतांवर ढकलला. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे यांनी या मागणीसाठी मोहीम चालवली. १९२१ मध्ये आधी मद्रासच्या आणि मग मुंबईच्या कौन्सिलने बायकांना मत दिले. तेही मालमत्तेच्या अटीवर, म्हणजे मूठभरांनाच. मिठन पुढे बॅरिस्टर झाल्या आणि १९४७ मध्ये मुंबईच्या शेरीफ. आपल्या चळवळीची हत्यारे अर्ज, ठराव, पत्रे आणि शिष्टमंडळे ही होती.

इथे मात्र मला माझ्याच म्हणण्याला मुरड घालावी लागते. लंडनच्या बायकांनी चित्रांतून नाव वगळले ते स्वतःहून. त्यांना नावे होती, त्या सह्या करत होत्या. आपल्याकडे नाव हाच झगड्याचा विषय होता. १९३५ च्या कायद्याने मतदार बायकांची संख्या वाढवली ती बरीचशी नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारावर. बायको म्हणून मत. स्त्रियांच्या संघटनांनी या अटीला विरोध केला होता आणि सरसकट प्रौढ मताधिकार मागितला होता. तो राज्यघटनेने दिला. पण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करायला लोक घरोघर गेले तेव्हा असंख्य बायकांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच लिहून घ्या म्हणाल्या. आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायला उखाणा लागतो, तिथे स्वतःचे नाव परक्यापुढे घ्यायची सोय नव्हती. निवडणूक आयोगाने अशी नोंद मान्य करायला नकार दिला. मुदत वाढवूनही सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीबाहेर राहिली. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांतली. सुकुमार सेन या पहिल्या मुख्य निवडणूक आयुक्तांचा हा निर्णय कठोर होता. माझ्या मते तो बरोबर होता. त्याची किंमत मात्र त्या निवडणुकीत त्या बायकांनीच मोजली.

मुंबईत, बडोद्यात, शांतिनिकेतनात आज मुद्राचित्रण करणाऱ्या किती तरी तरुण मुली आहेत. नंदलाल बोस यांनी १९३० साली काठी घेऊन चाललेल्या गांधीजींचा लिनोकट केला तो त्यांच्यापुढे आहे, आणि उद्या कोणी हेराबाईंचे तसेच चित्र करील. करावे. पण मला विचाराल तर त्याआधी ती मतदारयादी छापायला हवी. कोरलेला चेहरा नको. खिळ्यांत जुळवलेल्या ओळी, एकीखाली एक: रामलालची बायको, शिवचरणची आई, मोहनची सून. जुळवताना प्रत्येक ओळ उलटी आणि डावीकडून वाचावी लागते, त्यामुळे डोळा एकाही शब्दावरून घसरून जात नाही. कागद साधा वृत्तपत्राचा घ्यावा, प्रतींना आकडे घालू नयेत, आणि खिळे झिजेपर्यंत यंत्र चालू ठेवावे.